पूजेतला जॅक

आमच्या नगरकडं कुठलंही जोखमीचं काम तीन शब्दांनी सुरू होतं. काय होत न्हाई. वायरमन ओल्या भिंतीला लोखंडी शिडी लावतो, आपण हटकलं की वरूनच म्हणतो, काय होत न्हाई. मोटारसायकलवर चौथा माणूस बसतो, पुढं टाकीवर पोरगं बसवतात, काय होत न्हाई. मीही जन्मभर हेच ऐकत आणि म्हणत आले. शेजारच्या नानांपुढं मात्र हे शब्द काढायची सोय नव्हती. ते हातातलं काम टाकून फाटकापर्यंत यायचे आणि अगदी शांतपणे विचारायचे, “कोन म्हनलं?”

म्हणणारा गडबडून जायचा. मग नाना त्याला सांगायचे, “होतंय. समदं होतंय.” आणि परत आपल्या कामाला लागायचे.

दिगंबर नाना मूळचे बेलापूरचे. तिकडच्याच एका साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झाले आणि सावेडीत आमच्या कंपाउंडला लागून बंगला बांधून राहिले. दिसायला असे की पहिल्या दिवशी मीच बिचकले होते. उंचेपुरे, जाड मनगटं, भरघोस मिशा, आवाज दोन गल्ल्या पलीकडं जाईल असा. आणि हा एवढा गडी आमच्या अख्ख्या कॉलनीत सगळ्यात भित्रा निघाला! बरं, भित्री माणसं मी काय कमी पाहिली नाहीत, आमच्या घरातच आहेत. पण ती लपवतात. नाना लपवायचेच नाहीत. ‘मला भ्या वाटतं’ हे वाक्य ते ‘मला चहा नको’ म्हटल्यासारखं म्हणायचे. डॉक्टरला म्हणायचे, बँकेतल्या साहेबाला म्हणायचे, लिफ्टच्या दारात उभं राहून आतल्या अनोळखी माणसांना सांगायचे आणि जिन्यानं चालायला लागायचे.

स्कूटर स्टँडवर लावली तरी तिच्या चाकामागं वीट ठेवायची. सपाट जमिनीवर, कुलूप घातलेल्या फाटकाच्या आत! घरातला साधा बल्ब बदलायचा तर मेन स्विच बंद, त्याच्यापुढं खुर्ची टाकून त्यांची बायको पहाऱ्याला, आणि नाना पायात रबरी चप्पल घालून स्टुलावर. गॅसचा सिलिंडर आला की साबणाचा फेस लावून बघितल्याशिवाय शेगडी पेटायची नाही. कॉलनीतली पोरं त्यांना मागून ‘भित्रे नाना’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं. एकदा मलाच म्हणाले, “खरंच म्हनत्यात की.”

कारखान्यातही त्यांची एक पद्धत होती. त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका गृहस्थांनी आमच्या ओट्यावर बसून ती सांगितली होती. पाळी बदलली की नाना आपल्या माणसांना बॉयलरपुढं उभं करायचे आणि एकेकाला विचारायचे, आज कशाची भीती वाटती? सुरुवातीला लोक हसले, लाजले. मग हळूहळू बोलायला लागले. एक म्हणायचा, तो वरचा व्हॉल्व्ह फुसफुसतोय. दुसरा म्हणायचा, रात्री झोप नाही, डोळा लागेल. नाना त्या त्या गोष्टीचा बंदोबस्त करायचे आणि मगच काम सुरू व्हायचं. ‘मला कशाचीच भीती नाही’ म्हणणाऱ्याला त्या दिवशी बाहेर बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडांच्या ढिगावर पाठवायचे. साहेब लोकांनी त्यांची टिंगल केली, पण पद्धत काही त्यांनी सोडली नाही.

आता अशा माणसाला बायको कशी मिळावी? मालनकाकू म्हणजे उभा धसमुसळेपणा. हातानं साप उचलून कंपाउंडबाहेर टाकताना मी त्यांना पाहिलंय. चालत्या मिक्सरमध्ये चमचा घालायच्या. त्यांचं माहेर सोनई. वडील तिथले डॉक्टर, सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांच्याकडं बदामी रंगाची हेरल्ड गाडी होती, पंचक्रोशीतली एकुलती एक. लग्नात नवरदेवासाठी घोडा आणला तर नाना त्याच्याकडं बघून म्हणाले, मला भ्या वाटतं, मी न्हाई बसायचा. वऱ्हाड थांबलं. दादा तापले, मामा हातापाया पडले. शेवटी दादांनी आपली गाडी काढली. मुंडावळ्या बांधलेले नाना गाडीत बसण्याआधी सासऱ्याला विचारते झाले, ब्रेक कधी बघितले होते? काकू ही गोष्ट सांगताना अजून कपाळाला हात लावत. पण शेवटी हेही सांगत की दादा रात्री आईला म्हणाले, जावई भित्रा हाय, पन पोरीला जपंल.

दादा गेले आणि हेरल्ड सोनईच्या गोठ्यामागं पत्र्याखाली पडून राहिली. वर कोंबड्या बसायला लागल्या. भावांनी ती भंगारात द्यायची ठरवली तसा काकूंनी फोनवर असा काही दंगा केला की माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आला. गाडी सावेडीला आणायची, चालू करायची आणि दादांसारखं तिच्यात बसून सोनईला जायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात बसलं.

गाडी टेम्पोवर चढून आली ती नेमकी शनिवारी संध्याकाळी. नाना फाटकात आडवे. शनिवारी लोखंड घरात घ्यायचं नाही! सोनईच्या शेजारी शनीचं एवढं मोठं ठाणं, आणि त्याच बाजूनं हे एवढं लोखंड शनिवारी दारात आलं म्हणजे नानांना घाम फुटला. काकू म्हणाल्या, माझ्या बापाची गाडी हाय, लोखंड न्हाई. टेम्पोवाला दोघांच्या तोंडाकडं बघत राहिला. नानांनी त्याला जेवू घातलं, ओसरीवर अंथरूण दिलं आणि टेम्पो रविवारी सकाळपर्यंत रस्त्यावर उभा ठेवला. त्याच्या चाकांमागंही विटा होत्या, हे सांगायला नकोच.

इंजिन फारसं बिघडलेलं नव्हतं. एका ओळखीच्या मेकॅनिकनं आठवड्याभरात ते सुरू केलं. धूर निघाला, काकूंनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सोनईला निघायचंच म्हणून त्या नवी साडी काढून बसल्या. नाना मात्र हातोडी घेऊन गाडीखाली शिरले. ठक ठक आवाज येत होता, मग एकदम आवाज बंद झाला. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. हातोडीचं तोंड लोखंडातून आरपार गेलं होतं.

या गाडीत खालचा लोखंडी सांगाडा, म्हणजे चासी, वेगळी असते आणि वरची बॉडी वेगळी. बोल्टांनी तिच्यावर बसवलेली. वरून गाडी छान दिसत होती, पण सगळं वजन पेलणारी चासी वर्षानुवर्षं गोठ्याच्या ओलीत राहून आतून कुजली होती. नाना म्हणाले, ही रस्त्यात मधूनच मोडंल. काकू म्हणाल्या, दादांच्या हाताखाली तीस वर्षं मोडली न्हाई ती आता मोडती व्हय, काय होत न्हाई. नानांनी बायकोला ‘कोन म्हनलं’ विचारलं नाही. गाडीची किल्ली खिशात घातली आणि आत निघून गेले.

तीन-चार दिवस दोघांत बोलणं नव्हतं. काकू माझ्याकडं येऊन रडल्या. मी इकडून तिकडं निरोप नेऊन कंटाळले. मग एका सकाळी नाना कंपाउंडपाशी येऊन म्हणाले, “शैला, मी बॉडी काढनार. घरीच. चासी नवी करून परत बसवनार.” मी म्हटलं, नाना, तुम्हाला जमेल का? ते म्हणाले, “जमायचं न्हाई जमायचं बघू. मला त्या कामाचं लई भ्या वाटतं. पन मालन किल्ली शोधून एक दिवस बसंल तिच्यात, त्याचं जास्ती वाटतं.”

पुढचे चार महिने आमच्या कंपाउंडपलीकडं ती गाडी रोज थोडी थोडी उघडी होत गेली. सीटा निघाल्या, काचा निघाल्या, दारं निघून भिंतीला टेकली. प्रत्येक वायरला नानांनी वेगवेगळ्या रंगाची चिंधी बांधली. दारं निघाल्यावर बॉडी मधून वाकू नये म्हणून दारांच्या मोकळ्या जागेत आडवे पाइप वेल्डिंग करून घेतले. चासीचे बोल्ट गंजून बसलेले. रोज सकाळी आंघोळ झाली की नाना त्यांना तेल घालायचे, देवाला घालावं तसं, आणि संध्याकाळी एखादा तरी सैल होतोय का बघायचे. मला त्या सांगाड्याची भीती वाटायला लागली होती. आमच्या बेडरूमच्या खिडकीतून पहिलं तेच दिसायचं. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं.

बॉडी उचलायचा दिवस ठरला नवरात्रातल्या अष्टमीचा, कारण लोकांना सुट्टी होती. तीन उंच लोखंडी पाइपांची तिपाई उभी केली, तिच्या शेंड्याला चेनपुली टांगली. बॉडीला पट्टे घातले. कॉलनीतले सहाजण मदतीला आले, त्यात आमचे हेही होते. नानांनी आधी गाडीभोवती खडूनं एक मोठी रेघ ओढली. ज्याचं काम नाही त्यानं रेघेच्या आत पाय टाकायचा नाही. मग सगळ्यांना ओळीत उभं करून त्यांनी विचारलं, आज कशाची भीती वाटती?

लोक एकमेकांकडं बघून हसले. एकजण म्हणाला, पायावर पडेल याची. नानांनी त्याला घरी पिटाळून बूट घालून यायला लावलं. दुसरा म्हणाला, कंबर धरेल. त्याला पुलीच्या साखळीवर दिला. तिसरा म्हणाला, बायकोला कळेल, तिला मी बाजारात गेलोय म्हणून सांगितलंय. सगळे हसले, नाना नाही हसले. त्याला म्हणाले, फोन करून ये. आमच्या ह्यांची पाळी आली. हे तालमीत गेलेले, छाती काढून म्हणाले, आपल्याला काय भीती नाही नाना. नाना म्हणाले, “बरं. तुमी च्या बघा.” ह्यांना गंमत वाटली. पण नानांनी खरंच त्यांना रेघेबाहेर काढलं आणि त्या दिवशी आमच्या घरातल्या पुरुषानं सगळ्यांना चहा करून दिला. काकूंनाही विचारलं. त्या पदर खोचून पुढं आल्या, मला कसली भीती, माझी गाडी हाय. नाना म्हणाले, तू फाटकाजवळ उभी ऱ्हा. काकूंचा तो अपमान अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. लाल होऊन फाटकाजवळ गेल्या आणि शेवटपर्यंत पाठ करून उभ्या राहिल्या.

साखळी ओढली तशी बॉडी कुरकुरली, पुढून वर आली. गुडघाभर आली. मागून मात्र जागची हलेना. नाना वाकून वाकून बघत होते, सगळे बोल्ट काढलेले होते, तरी कुठंतरी ती धरून होती. जोर लावला असता तर पत्रा फाटला असता. उजेड कमी झाला तसे नाना म्हणाले, थांबायचं. पुढून उचललेल्या बॉडीखाली दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे दिले, साखळी ताणून ठेवली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा, त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. त्यामुळं पुढचं काम थेट दसऱ्याला, सीमोल्लंघन झाल्यावर. नानांना ते अजिबात रुचत नव्हतं. असं अर्धवट टांगलेलं लोखंड घराशेजारी ठेवून त्यांना जेवण गेलं नाही, हे काकूंनीच मला सांगितलं. पण देवीचा दिवस मोडायची त्यांच्यात हिंमत नव्हती.

खंडेनवमीच्या सकाळी मी ओट्यावर झेंडूची तोरणं ओवत बसले होते. पलीकडं काकूंनी अंगण धुऊन काढलेलं. बादल्यांवर बादल्या सडा टाकलेला. व्हरांड्यात पाट मांडून त्यावर नानांचे सगळे पाने, हातोड्या, पक्कड, जॅक ओळीनं मांडले होते. प्रत्येकाला हळदकुंकू आणि एकेक झेंडू. आणि नानांची ती खडूची रेघ! काकूंनी तिच्यावरून रांगोळी घातली होती. कमळं, गोपद्मं, वेलबुट्टी. धोक्याची रेघ सणाची झाली होती. मला हसू आलं. मी त्यांना म्हटलंसुद्धा, छान दिसतंय काकू.

काकू कुंकवाची वाटी घेऊन गाडीकडं गेल्या. दादा दरवर्षी खंडेनवमीला इंजिनला नाही, चासीला कुंकू लावायचे. वजन ती वाहती, असं म्हणायचे. इतक्या वर्षांनी ती चासी उघडी दिसत होती. काकू रांगोळी ओलांडून आत गेल्या. मी म्हटलं, काकू, नानांनी नको म्हटलंय ना? त्यांनी मागं न बघता हात हलवला. “काय होत न्हाई.” आणि बाजूनं वाकून, आडव्या होऊन, टांगलेल्या बॉडीच्या आणि चासीच्या मधल्या फटीत कमरेपर्यंत शिरल्या.

आवाज फार मोठा झाला नाही. आधी तिपाईचा भिंतीकडचा पाय हळूच खाली गेला. सड्याचं पाणी तिकडंच उतरलं होतं, माती लोण्यासारखी झाली होती, त्या पायाखालची फळी तिच्यात रुतली. साखळी ढिली पडली. बॉडी एका अंगानं सरकली, तिनं अलीकडचा ठोकळा ढकलून दिला आणि ती खाली आली. माझ्या हातातली सुई बोटात घुसली. मला काकूंचे फक्त पाय दिसत होते, जोडवी घातलेले, ओल्या अंगणात टाचा घासणारे.

मी कंपाउंड कसं ओलांडलं मला आठवत नाही. जाऊन बघते तर बॉडीची कड त्यांच्या पाठीवर येऊन थांबलेली. दाबलेलं होतं, चिरडलेलं नव्हतं, कारण पलीकडचा ठोकळा अजून बॉडीखाली होता. पण तोही सरकलेला, जेमतेम बोटभर टेकलेला. तो निसटला की संपलं. मी दोन्ही हात कडेखाली घालून उचलायला गेले तेवढ्यात नानांचा आवाज आला, “हात लावू नको!”

नाना व्हरांड्याच्या पायरीवर उभे होते. नुकती आंघोळ केलेली, उघडे, कमरेला धोतर. अंगावरचा केस न् केस उभा. मला वाटलं हा माणूस आता इथंच कोसळणार. ते पायरी उतरून आले, गुडघ्यावर बसले, मान तिरपी करून आत बघितलं. मला म्हणाले, तिचे पाय धर आणि सोडू नको. मी धरले. ते बर्फासारखे गार होते.

आतून काकूंचा दबका आवाज आला, मला काय झालं न्हाई, मी निघते सरकून. आणि त्या सरकायला लागल्या. वरचं लोखंड करकरलं. नाना जमिनीवर आडवे झाले आणि त्यांनी तोंड फटीला लावलं.

“मालन, भ्या वाटतंय का?”

“न्हाई.”

“मला लई वाटतंय. तू बी म्हन.”

“अवो, हे काय ख्याळ करायची येळ हाय का?”

“तू म्हनल्याबिगर मी कशाला हात लावनार न्हाई. भ्या वाटत न्हाई म्हून तू हलतीस.”

काकू हलायच्या थांबल्या नाहीत. माझ्या हातात त्यांचे घोटे वळवळत होते. मला ओरडावंसं वाटत होतं की नाना, हे काय चालवलंय, काढा आधी त्यांना! पण मी पाय धरून राहिले. मग आतून एकदम लहान मुलीसारखा आवाज आला.

“वाटतंय. अवो, मला लई भ्या वाटतंय.”

माझ्या हातातले पाय जागच्या जागी थांबले. नाना उठले. त्यानंतर ते जे काही बोलले ते त्यांनी मोठ्यानं, एकेक करून म्हटलं, बॉयलरपुढं म्हणत असतील तसं. मला भ्या वाटतं, त्यो ठोकळा निसटंल. म्हणून त्यांनी पलीकडं जाऊन, कशाला धक्का न लावता, त्याच्याशेजारी दुसरा ठोकळा सारला. मला भ्या वाटतं, जॅक मातीत रुतंल. म्हणून दाराची जाड फळी आणून टाकली. मला भ्या वाटतं, पत्रा फाटंल. म्हणून कडेखाली लाकडाचा तुकडा दिला. मग ते व्हरांड्यात पाटापुढं जाऊन उभे राहिले.

आतून काकूंना काय दिसत होतं देव जाणे, पण त्यांनी ओळखलं. “पूजेतला जॅक उचलू नका,” त्या म्हणाल्या. “देवीचा हाय आज.” वर एवढं लोखंड आणि बाई हे सांगत होती.

नाना पाटाकडं बघत होते. शनिवारी टेम्पो रस्त्यावर ठेवणारा माणूस तो. मी त्यांना कधी देवापुढं नुसतं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं, कायम हात जोडलेले. आता हात जोडले नाहीत. म्हणाले, “मला भ्या वाटतं, देवी कोपंल. ह्याला माझ्याकडं इलाज न्हाई.” आणि वाकून जॅक उचलला. झेंडूचं फूल खाली पडलं.

जॅकचा दांडा ते हळू फिरवत होते. एकेका फेऱ्याला बॉडी केसभर उचलली जायची आणि ते थांबून खाली ठोकळ्याचा तुकडा सारायचे. हात एकदाही चुकला नाही. कड पाठीवरून सुटली तशी मी काकूंचे पाय ओढायला लागले. “हळू,” नाना म्हणाले, “हळू गं.” काकू बाहेर आल्या. पाठीवर एक लांबलचक वळ, कोपर सोललेलं, आणि कुंकवाची वाटी उपडी झाल्यानं हात, गळा, केस सगळं लालभडक. ते बघून मी जी रडायला लागले ती थांबेना. काकू मलाच समजावत बसल्या. नाना रांगोळीच्या बाहेर जाऊन जमिनीवर बसले आणि त्यांना उलटी झाली.

त्या दिवशी काकूंनी सगळी पूजा पुन्हा मांडली. पाट धुतला, देवीपुढं नाक घासलं. नानांशी त्या दिवसभर बोलल्या नाहीत. मला वाटलं, जॅकचा राग धरलाय. दसऱ्याला सकाळी आपट्याची पानं द्यायला गेले तर काकू पाठीला हळद लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, शैला, चाळीस वर्षं मी ह्या माणसाला भित्रा म्हनून हसले गं. एवढंच बोलल्या आणि पुढं आपट्याचं पान हातात फिरवत राहिल्या.

सीमोल्लंघनानंतर नानांनी मागच्या सीटच्या जागेखालचा कुजलेला गालिचा खरवडला तेव्हा एक बोल्ट सापडला. मातीनं इतका लिंपलेला की गाडीच्या तळाच्या पत्र्याचाच भाग वाटत होता. तो निघाला आणि बॉडी सरळ वर आली. तिपाईच्या पायांखाली या वेळी सिमेंटचे ब्लॉक होते. नानांनी सगळ्यांना पुन्हा ओळीत उभं करून विचारलं होतं. आमचे हे म्हणाले, मला सगळ्याचीच भीती वाटते, आणि त्यांना साखळी मिळाली. काकूंना विचारायची वेळ आली तेव्हा त्या स्वतःच फाटकाजवळ जाऊन उभ्या होत्या. नानांनी त्यांना हाक मारून आत घेतलं.

चासीचे कुजलेले भाग कापून नवे जोडले, काळा रंग दिला, बॉडी परत बसली. पुढच्या चैत्रात दोघं सोनईला गेले. नाना बैलगाडीच्या वेगानं गाडी चालवत होते, मागं गाड्यांची रांग लागली होती आणि काकू खिडकीतून हात काढून लोकांना पुढं जायला सांगत होत्या. त्यानंतर दर खंडेनवमीला त्यांच्या व्हरांड्यात पाटावर सगळी हत्यारं असायची, फक्त जॅक नसायचा. त्याला काकू कुंकू लावायच्या आणि फाटकाजवळ, हाताशी येईल असा, उभा ठेवायच्या. विचारलं तर म्हणायच्या, त्याला सुट्टी न्हाई.

नाना यंदाच्या उन्हाळ्यात गेले. भर दुपारी छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स आली, नानांना निजवून स्ट्रेचर फाटकापर्यंत आणलं, कॉलनी गोळा झाली. सगळे तेच म्हणत होते. ड्रायव्हर म्हणाला, काय होत न्हाई आजोबा. शेजारचे म्हणाले. आमचे हे म्हणाले. मीही म्हणाले, दुसरं काय म्हणणार? नाना एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. ओठ हलत होते, पण ‘कोन म्हनलं’ विचारायला आवाज नव्हता. एवढ्या माणसांत ते एकटे पडल्यासारखे दिसत होते.

तेवढ्यात काकू आल्या. दवाखान्याची फाइल काखेत, पायात दोन वेगळ्या चपला. सगळ्यांना बाजूला सारून त्यांनी नानांच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, “मला लई भ्या वाटतंय.”

नानांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. “मला बी,” ते म्हणाले. आणि मग बोटानं खाली दाखवलं. “चाक बघ.”

रस्ता तिथं जरासा उताराचा आहे. काकूंनी स्ट्रेचरच्या चाकामागं पाय लावला आणि नानांना उचलून आत घेईपर्यंत तो तसाच धरून उभ्या राहिल्या.